वखारीतला माघ

माघ लागला की माझे गुडघे दुखू लागतात. तसे ते बाराही महिने दुखतात, पण माघात मला त्यांचा उपयोग होतो. परवा दुपारी नात धावत आली. "आजी, वखारीत नवा बोलपट लागलाय. आई म्हणते, आपण सगळ्याजणी जाऊ. चल ना गं!" मी गुडघ्यावर हात ठेवला. "हे काय गं दर वेळी!" म्हणत ती फुरंगटून निघून गेली. सून दारातून एकदा डोकावून गेली. तिला वाटतं, म्हातारी जुन्या वळणाची आहे, हिला बोलपट आवडत नाहीत. वाटू दे. समजावून सांगायचं म्हटलं तर फार मागे जावं लागतं, आणि आता तेवढ्यानेही दमायला होतं.

परसातला आंबा यंदा पानं दिसू नयेत इतका मोहरलाय. वारा सुटला की त्याचा गोडसर, उग्र वास थेट ओटीपर्यंत येतो. लोकांना त्या वासाने पुढचे आंबे आठवतात. मला त्याच्या पाठोपाठ फिनेलचा वास येतो, आणि ओल्या चुन्याचा. चाळीस वर्षं होत आली. बाकी पुष्कळ विसरले, नाक मात्र विसरत नाही.

वखार म्हणजे कल्याणच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती लांबलचक कौलारू इमारत. आता तिच्या कपाळावर विजेचे दिवे आहेत, दर्शनी भिंतीला पिवळा रंग आहे, आणि इंग्रजी वळणाचं एक नावही आहे. पण गावातलं कोणी ते नाव घेत नाही. माझ्या नातीने तिथे भाताचा एक दाणा पाहिलेला नाही, तरी ती वखारच म्हणते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तिच्यातलं भात नुकतंच गेलं होतं. पूर्वी खाडीतून पडाव यायचे, भाताची पोती पाठीवर घेऊन माणसं आत जायची. पुढे माल रेल्वेने जाऊ लागला, पडाव कमी झाले आणि वखार रिकामी पडली. मालकाला नाटकाचा भारी नाद. त्याने एका टोकाला लाकडी रंगमंच उभारला, बाकं आणली, आणि बाहेरगावच्या मंडळ्यांचे दोन-दोन महिन्यांचे मुक्काम तिथे पडू लागले. आमचं घर वखारीच्या मागच्या अंगाला होतं. मधे एक बोळ आणि एक चिंचेचं झाड, एवढंच.

माझे सासरे, मामंजी, कचेरीत कारकून होते. त्यांना नाटकाचं वेड. खेळ पाहून आले की दुसऱ्या दिवशी पूजा करताना देवाच्या नावांच्या मधेमधे तिथली पदं गुणगुणायचे. आमच्यासारख्या घरातल्या बायकांनी नाटकाला जायची तेव्हा रीत नव्हती. पण दुपारी मंडळीची तालीम चाले आणि पेटीचे सूर बोळ ओलांडून येत. त्या वेळी सासूबाई सूप घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्याशी बसत. तांदूळ निवडून झालेले असत, तरी त्या निवडत राहत.

एकदा मी विचारलं, "सासूबाई, अजून किती निवडायचेत?"

"हे पद संपेपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि मग चोरी पकडली गेल्यासारख्या दचकून म्हणाल्या, "जा, गाईला पाणी दाखव आधी."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, त्या चाळिशीच्या. त्यांनी मला कधी छळलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. एका चुलीपुढे आम्ही दोघी तासन् तास असायचो, पण बोलणं मीठ-तिखटापलीकडे जात नसे.

विलायतेची राणी अजून गादीवर होती तेव्हाच्या या गोष्टी. त्या हिवाळ्यात मुंबईला गेलेली माणसं बिऱ्हाडं पाठीला बांधून परत येऊ लागली. काय झालं विचारलं तर नीट सांगत नसत. मग आमच्या गावातल्या भाताच्या कोठारांत उंदीर पडू लागले. भर उजेडात, झिंगल्यासारखे अंगणात येत आणि तिथेच कलंडत. त्यांच्यामागून गाठीचा ताप आला. काखेत नाही तर जांघेत गाठ यायची, आणि चार दिवसांत माणूस संपायचं. नाटक मंडळीने एका सकाळी गाशा गुंडाळला. एवढं सामान न्यायला गाडीवान मिळेनात, म्हणून रंगवलेले मोठे पडदे आढ्यालाच टांगलेले राहिले. आठवड्याच्या आत सरकारने वखार ताब्यात घेतली आणि तिचं प्लेगचं इस्पितळ केलं. गावात इस्पितळ हा शब्द कोणी उच्चारत नसे. 'त्याला वखारीत नेलं' एवढंच म्हणत, आणि ऐकणारा पुढचं काही विचारत नसे.

लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालत होते. नदीपलीकडे आंबिवलीला आमची थोडी शेतं होती. भातकापणी होऊन ती मोकळी पडली होती. तिथे झोपडी बांधायची असं मामंजींनी ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंना थंडी वाजून ताप भरला. दुपारी त्यांनी डावा हात अंगापासून दूर धरला तेव्हाच मी समजले.

मामंजी पायरीवर बसून राहिले. मग उठले आणि ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, म्हणाले, "हिला माळ्यावर न्यायला हात लाव. वखारीत जाऊ द्यायचा नाही मी हिला. कोण कुठली माणसं शेजारी निजवतात, कोण कोणाच्या हातचं पाणी पाजतं. जे व्हायचं ते घरात होईल."

दोघांनी त्यांना माळ्यावर चढवलं. मामंजींनी स्वतःची गोधडी त्यांच्या अंगावर घातली. ते कठोर होते असं मी आजही म्हणणार नाही. ते खाली उतरले. मला म्हणाले, "आम्ही दोघं जाऊन झोपडी उभी करतो. परवा गवताची गाडी आणू आणि तिला गवतात झाकून नेऊ. तोवर कोणी तपासायला आलं तर सांग, पेणला माहेरी गेली आहे."

गडीमाणसं आधीच पळालेली. घरात मी आणि माळ्यावर त्या.

माघातली थंडी उन्हं चढेपर्यंतच. दुपारी कौलं तापत आणि माळ्यावर भट्टी होई. मी तांब्या घेऊन शिडी चढायची. कधी त्या मला ओळखत, कधी आपल्या आईच्या नावाने हाक मारत. दुसऱ्या दिवशी त्यांना नीट शुद्ध होती. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हाताचा चटका मला बसला.

"जानकी, कोणाला सांगू नकोस हं. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

परवाचा दिवस आला आणि गेला, पण गाडी आली नाही. नदीवर पहारा बसला होता आणि येणंजाणं बंद केलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की घरात पुरुष नाही, आणि माळ्यावरून येणारं कण्हणं बारीक होत चाललंय.

चौथ्या दिवशी सकाळी तपासणीची माणसं आली. बरोबर एक डॉक्टर होता, आपल्याकडचाच, तिशीचा असेल नसेल. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "घरात कोणी आजारी?"

"नाही."

"सासूबाई कुठे आहेत?"

"पेणला. माहेरी."

त्याने मान हलवली. त्याला खरं-खोटं करायचं त्राण उरलं नसावं. ते सगळे बाहेर पडले, शेजारच्या घराकडे वळले. मी दाराला कडी लावली. कडी लावली आणि वर एकदम काहीच ऐकू येईनासं झालं. मी शिडीशी जाऊन कान दिला. काही नाही. मग एक घोगरा आवाज आला, माणसाचा न वाटावा असा.

मी कडी काढली. डोक्यावरून पदर घ्यायचं भान राहिलं नाही. मी रस्त्यावर धावत गेले आणि ओरडले, "अहो! अहो डॉक्टर! आहेत! माळ्यावर आहेत त्या!"

मी रस्त्यावर ओरडले ती जन्मात तेवढी एकदाच. समोरच्या घरांच्या खिडक्या लागल्या. डॉक्टर मागे वळला. माझ्यावर रागावला नाही. "दिवस कितवा?" एवढंच त्याने विचारलं.

डोलीतून नेताना सासूबाईंनी डोळे उघडले. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वखारीच्या दारात डॉक्टर म्हणाला, नातेवाइकांना आत येता यायचं नाही. तिथे कामाला एक बाई होती, रेजिनाबाय. ठाण्याच्या खाडीकाठच्या गावातली ख्रिस्ताव कोळीण, पन्नाशीची, खांदे पुरुषासारखे. ती हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो डागदर. मी येकली किती जणींचा करू? पोरीला हात हायत ना दोन?" डॉक्टरने नुसता हात हलवला, आणि मी आत गेले.

आयुष्यात पहिल्यांदा मी नाटकगृह पाहत होते ते असं. खालच्या मोकळ्या जागेत, जिथे बाकं असायची, तिथे पुरुषांच्या खाटा होत्या. बायका रंगमंचावर. मधे आडोसा हवा म्हणून मंडळीचा टांगलेला पडदा खाली सोडला होता. त्यावर एक बाग रंगवलेली, कारंजं, मोर, लाल फुलांचे ताटवे. त्या बागेच्या पायथ्याशी अकरा खाटा. जमिनीवर चुना, बादल्यांत फिनेल, आणि वरची काही कौलं उजेडासाठी काढलेली. त्या भगदाडातून वखारीमागच्या आंब्याचा मोहोर वाऱ्यावर आत येई आणि खाटांवर पडे.

रेजिनाबायने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पानी तू पाज सासूला. माझ्या हातचा ती नाय घेवाची, आनि मला तिच्याशी भांडाला टायम नाय. बाकीचा मी करते." तिने केलंही. अळशीचं पोटीस गरम करून गाठीवर बांधायची, घाण उचलायची, मेलेल्या बाईचे डोळे मिटायची आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळायची. मी तिला एकदाच रडताना पाहिलं. शेजारच्या खाटेवरची कासारीण गेली तेव्हा. त्या बाईने सकाळीच रेजिनाबायकडून वेणी घालून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सासूबाई शुद्धीवर आल्या. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या.

"ही बाग कुठली गं?"

"नाटकातली आहे, सासूबाई. आपण वखारीत आहोत."

मला वाटलं, आता त्या रडतील किंवा मला बोलतील. त्यांच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. "म्हणजे आले म्हणायची एकदाची," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ग्लानीत गेल्या.

त्या दिवशी दुपारी हे आले. पहाऱ्यातून कसेबसे सुटून. आत सोडत नव्हते, म्हणून चिंचेखाली उभे होते. मी मागच्या दारात गेले. आमच्यामध्ये वीसएक पावलांचं अंतर होतं.

"का सांगितलंस?"

"त्यांचा आवाज बंद झाला होता."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही होतात कुठे?"

ते खाली बघत राहिले. लग्नानंतर मी त्यांना उलट उत्तर दिलं ते पहिलंच. ते म्हणाले, "बाबा फार चिडलेत. तू आता तिकडे येऊ नकोस म्हणतात." मग वर न बघता विचारलं, "कशी आहे ती?" मी सांगितलं, "पाणी पोटात ठरतंय." त्यांनी मान हलवली आणि गेले.

पुढे कितीतरी वर्षांनी, मूकपट आले तेव्हा, ह्यांनी हौसेने मला वखारीत नेलं होतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मुलं बरोबर होती. बायकांची बसायची जागा उजव्या हाताला होती. पडद्यावर एक माणूस घोड्यावरून पडत होता, लोक पोट धरून हसत होते, पेटीवाला जोराजोरात भाता मारत होता. सगळ्यांना वाटतं मला तिथे भीती वाटत असेल. छे. मला कधी तिथे भूतबीत दिसलं नाही. मी फक्त दमले. डोंगर चढून आल्यासारखी दमले, आणि तेवढ्या गोंगाटात भिंतीला टेकून झोपून गेले. मुलांनी पुढे वर्षभर त्यावरून माझी थट्टा केली. ह्यांनी केली नाही. परतताना ते नुसतं म्हणाले, "पुन्हा नको यायला." तेव्हापासून गुडघे.

आठव्या दिवशी सासूबाईंची गाठ फुटली. रेजिनाबायने छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "आता नाय मरत ही." नवव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी हे पुन्हा चिंचेखाली आले. लांबूनच मला त्यांच्या डोक्याचा गोटा दिसला, आणि मी दाराची चौकट धरली.

मामंजींना आंबिवलीच्या झोपडीतच ताप आला होता. तीन दिवसांत आटोपलं. "डॉक्टरला नाही बोलावलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "बाबांनी बजावलं होतं, कोणाला सांगायचं नाही." मग चेहरा दोन्ही हातांनी झाकून तिथेच उकिडवे बसले. मला वीस पावलं ओलांडून जाता येत नव्हतं.

त्यांना वडिलांनी गप्प राहायला सांगितलं आणि ते राहिले. मला सासूने शपथ घातली आणि मी मोडली. आम्ही दोघांनी पुढे सगळा संसार केला, चार मुलं वाढवली, पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कधी बोललो नाही. कोणाचं बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही. हल्ली मी ठरवायचं सोडून दिलंय.

त्या दिवशी मी आत गेले तेव्हा सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. प्रथमच. अंगात कापडाच्या घडीएवढंही वजन नव्हतं. म्हणाल्या, "कपाळ ओकंबोकं वाटतंय गं. कुंकू आहे का कुठे?" कासारणीची कुंकवाची करंडी तिच्या खाटेखाली तशीच पडली होती. मी रेजिनाबायकडे पाहिलं. तिला मी येतायेताच सांगितलं होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत्ताच बोललीस तं हिचा काळीज बंद पडंल. जराशी ताकद येऊ दे तिला."

मी करंडी उघडली आणि त्यांना कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे एकदाही नाही आले बघायला. रागावले असतील." मी म्हणाले, "नदीवर पहारा आहे." चौथ्या दिवशी त्यांनी पेजेचा वाडगा स्वतःच्या हाताने धरला. पेज संपवली. मग मी करंडीकडे हात नेला तेव्हा त्या माझ्याकडे एकटक पाहत होत्या.

"कधी?" त्यांनी विचारलं.

करंडीकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"कधी गेले ते सांग."

"चार दिवस झाले मला कळून."

"आणि तू हे लावत होतीस."

"हो."

पदराचं टोक घेऊन त्यांनी स्वतःच कपाळ पुसलं. एकदा पुसलं, मग पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत. रडल्या नाहीत. पडद्याकडे तोंड करून आडव्या झाल्या. उन्हं कलल्यावर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू ओरडलीस म्हणून मी जगले. आता जगून काय करू तेही सांग."

फाल्गुनात आम्ही घरी आलो. जंतू मारायला म्हणून घराची निम्मी कौलं उतरवली होती, भिंतींना चुना फासला होता, आणि मागच्या दारी न्हावी येऊन बसला होता. त्याबद्दल मी लिहीत नाही. लांबसडक केस होते त्यांचे.

वैशाखात इस्पितळ बंद झालं. रेजिनाबाय आपल्या गावी गेली. पुढे कधी ठाण्याला गेले की बाजारातल्या कोळणींमध्ये मी तिचा चेहरा शोधत असे. तो कधी दिसला नाही. वखारीला दोन वर्षं कुलूप होतं. माणसं त्या रस्त्याने जाताना पलीकडच्या कडेने चालत. मग एका व्यापाऱ्याने तिच्यात गवत भरलं. गवताला कशाची भीती वाटत नाही. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत तिथे आढ्यापर्यंत रचलेलं असे, आणि त्याचा गोड वास आमच्या घरात येई. तेवढी वर्षं मला वखारीचा त्रास झाला नाही.

त्रास माणसांचा झाला. मामंजींची धाकटी बहीण कोपरीला दिलेली होती. कोपरीच्या आत्या. एकुलता भाऊ गेला म्हणून ती बाई जन्मभर जळत राहिली, आणि जाळायला तिला मी सापडले. लग्न असो, श्राद्ध असो, आत्या आल्या की चार बायकांत विषय निघायचाच. हिने सासूला सरकारच्या ताब्यात दिलं. त्या धसक्याने दादा गेला. वहिनी घरात राहिली असती तर दोघंही जगली असती. मी पोळ्या लाटत राहायची. सासूबाई समोर असत. त्यांनी कधी 'हो' म्हटलं नाही आणि कधी 'नाही'ही म्हटलं नाही. त्यांचं ते गप्प राहणं मला आत्यांच्या बोलण्याहून जड जाई. मनात येई, शपथ मोडली, त्याचंच हे चाललंय.

मग माझ्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड मोठं, आमचं अंगण लहान. वैशाखात वखारीतलं गवत विकून झालेलं असे, तेव्हा गावातली मोठी लग्नं तिथे होऊ लागली होती. ह्यांनी मला विचारलं, "चालेल ना?" मी म्हणाले, "चालेल." गावात दुसरी तेवढी जागा होतीच कुठे! रंगमंचावर बोहलं सजलं, जुन्या भिंतींना आंब्याची तोरणं लागली, आणि खाली जिथे पुरुषांच्या खाटा होत्या तिथे पंगती बसल्या.

सासूबाई मागच्या खोलीत होत्या. मंगल कार्यात विधवेने पुढे यायचं नसतं, म्हणून त्या तिथे विळीवर कोहळा चिरत बसल्या होत्या. आत्याही तिथेच, आणखी चार-पाच बायका. मी तुपाची बुधली न्यायला आत गेले आणि माझ्यामागून विहीणबाई आल्या. नवी विहीण, माझ्या मुलीची सासू. सहज म्हणाल्या, "फार छान केलंत हो सगळं." तेवढं आत्यांना पुरलं.

"छान करणारच," त्या म्हणाल्या. "ही जागा तिच्या ओळखीची आहे. इथेच आणून टाकलं होतं हिने आपल्या सासूला. माझा भाऊ त्याच पायी गेला. तुमची पोर कोणाची लेक आहे ते कळू दे तुम्हाला."

बायकांचे हात थांबले. विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझं काहीही झालं तरी चाललं असतं, पण बाहेर बोहल्यावर तेरा वर्षांची माझी मुलगी बसली होती आणि तिला या बाईच्या घरात जन्म काढायचा होता.

विळीचा आवाज थांबला.

"मीच सांगितलं होतं तिला," सासूबाई म्हणाल्या.

आत्या म्हणाल्या, "काय?"

"डॉक्टरला बोलाव म्हणून. माझा जीव जात होता. ती पोर नको नको म्हणत होती, मामंजी रागावतील म्हणत होती. मी तिला शपथ घातली. तिने सासूचं ऐकलं, एवढाच काय तो तिचा गुन्हा." मग त्या विहीणबाईंकडे वळल्या. "तुम्ही असं उभ्याने राहू नका. पान वाढलंय बाहेर. जानकी, तूप ने."

मी तूप नेलं. ते कोणाच्या पानात वाढलं, किती वाढलं, मला आठवत नाही.

वरात निघून गेल्यावर, उन्हं उतरायच्या आत, आम्ही दोघी बोळातून घराकडे निघालो. त्यांची चाल मंदावली होती. चिंचेखाली त्या जरा थांबल्या. मला राहवलं नाही.

"सासूबाई, तुम्ही तसं का सांगितलंत?"

"कसं?"

"तुम्ही मला उलट शपथ घातली होतीत. सांगू नकोस म्हणून."

"आठवतंय मला. तेव्हा शुद्ध होती."

त्यांनी चिंचेच्या खोडाला हात टेकला. मला वाटलं, आता त्या सांगतील की मला तुझं पटलं होतं, किंवा मी तुला क्षमा केली. सतरा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

"दमले गं मी," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं त्या तेच बोलतायत, तू गप्प, मी गप्प. म्हटलं, एकदा काहीतरी सांगून मिटवून टाकावं."

"मिटेल?"

"कुणास ठाऊक. पोरीचं लग्न तरी नीट पार पडलं."

घरी आल्यावर त्यांनी ओटीवर भिंतीला पाठ टेकली आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. पदर डोक्यावरून सरकला होता, तो मी सारखा केला. लग्नघरातली शंभर कामं पडली होती, आतून कोणीतरी मला हाका मारत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि उठले नाही.